वाड्यात सापडलेली बंदुकीची कळ: कुठली, केव्हाची?

औसा तालुक्यात जुनं घर उतरवणं हे आता नेहमीचं काम झालं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या किल्लारीत भूकंप झाला ती याच तालुक्यातली. मातीत रचलेल्या दगडी भिंती त्या पहाटे कोसळल्या आणि ज्या उभ्या राहिल्या त्यांच्यावरचा लोकांचा भरवसा उडाला. तेव्हापासून माळवदं उतरवून सिमेंटची घरं बांधणं सुरूच आहे. माळवदाची माती उपसताना, बळद फोडताना, भिंतीतला कोनाडा मोकळा करताना लोखंड निघतं. कड्या-कोयंडे, खिळे, तलवारीची मूठ, आणि एखाद्या घरात हाताच्या पंजाएवढी एक गंजलेली पट्टी. तिच्या एका अंगाला वाकडी मान असते, दुसऱ्या अंगाला चिमट्यासारखी घडी घातलेली कमान. घरच्यांना ते जुन्या कुलपाचं पोट वाटतं आणि ते भंगारात जातं. पण ती बंदुकीची कळ असू शकते.

इंग्रजीत या भागाला ‘लॉक’ म्हणतात, त्यामुळे पुस्तक वाचून आलेला माणूसही तिला कुलूपच म्हणतो. आपल्याकडे त्याला ‘कळ’ म्हटलं की काम नेमकं कळतं. चाप ओढल्यावर नळीतल्या दारूपर्यंत आग पोहोचवणारी ही यंत्रणा. बंदुकीची नळी शंभर वर्षं टिकते, लाकडी दस्ता बदलला जातो, पण बंदूक कुठली आणि कधीची हे सर्वांत जास्त बोलते ती ही कळ. ती वाचायची कशी, ते या लेखात सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी, आणि त्या अजिबात टाळू नका.

नुसती कळ सापडली तर धोका नाही. पण नळीसकट बंदूक सापडली तर ती भरलेली आहे असंच धरून चाला. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून ठासलेली असते, बाहेरून काही दिसत नाही, आणि कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा. पातळ लाकडी काठी हलकेच आत सोडून ती तोंडाशी जिथे येते तिथे खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. काठी मागच्या बुडापर्यंत पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबा आणि पोलीस ठाण्याला कळवा. लोखंडी गज आत घालू नका, नळी तापवू नका, घोडा ओढून बघू नका.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या हत्याराला सूट आहे. सुट्या किरकोळ भागांचाही तिथे उल्लेख आहे. पण हत्यार चालतं की चालत नाही हे ठरवणारे आपण नव्हे. म्हणून पूर्ण बंदूक निघाली तर ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती परदेशी पाठवणं हा गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि औशाचा भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, कंधार, उदगीर ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथून लोखंडाचा एक खिळाही उचलायचा नाही.

आता कळीकडे वळू.

आपल्या भागात तीन पिढ्यांच्या कळी सापडू शकतात. पहिली तोड्याची, दुसरी गारेची, तिसरी टोपीची.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात म्हणजे जामगी एका वाकड्या चिमट्यात धरलेली असते. चाप ओढला की चिमटा खाली येतो आणि कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या, रंजकेला (पेटवणीच्या दारूला) वात टेकते. युरोपातल्या तोड्याच्या बंदुकीला बाहेरून लोखंडी पट्टी असते आणि सगळी यंत्रणा त्या पट्टीच्या आत बसवलेली असते. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीत अशी पट्टी नसते. दस्त्याच्या लाकडातच उभी खाच कोरलेली असते, चिमटा त्या खाचेतून नळीच्या मागच्या बाजूला वर येतो आणि पुढे झुकतो. दोन्ही बाजूंना लाकडाच्या मजबुतीसाठी लोखंडाचे लांबट पत्रे रिव्हेट केलेले दिसतात. म्हणजे वाड्यात असा लांबट पत्रा, एक चिमटा आणि एक लांब चाप सुटा सापडला, तर हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीचे भाग म्हणून त्यांच्याकडे पाहा.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. तोड्याची बंदूक म्हणजे शिवकाळातली असं सरसकट म्हटलं जातं, आणि ते बरोबर नाही. युरोपात ती सतराव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली, पण आपल्याकडे गावचा लोहार ती एकोणिसाव्या शतकातही घडवत होता. ती स्वस्त होती, बिघडली तर गावात नीट व्हायची, आणि तिला दगड लागत नव्हता. नुसत्या प्रकारावरून तिचं वय सांगता येत नाही. ती मलिक अंबरच्या काळातली असेल किंवा १८५७ च्या आसपासचीही. वय ठरवायला नळीवरचं काम, पत्र्यावरची नक्षी, कोरलेलं साल असा दुसरा पुरावा लागतो. बिकानेरच्या जुनागढमधल्या शस्त्रांवर ठिपक्यांनी टोचलेली नागरी अक्षरं आणि संवताचे आकडे आहेत. त्यातली बरीच दख्खनी शस्त्रं मुघलांच्या १६८९ च्या अदोनीच्या मोहिमेनंतर तिकडे गेली. आपल्या पत्र्यावरही असे टोचलेले ठिपके असू शकतात, आणि गंजाखाली ते नक्षीचा भाग वाटून सुटतात. भिंग घेऊन एकेक ठिपका बघा.

गारेची कळ हा खरा वाचण्यासारखा भाग. फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास ती आजच्या ओळखीच्या रूपात आली. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, समोर पोलादाचं उभं पातं, पात्याच्या पायाशी रंजकेचा कान. चाप ओढला की गार पात्यावर घासते, पातं पुढे उलटतं, कान उघडतो आणि ठिणगी आत पडते. सगळं एका पट्टीवर बसवलेलं असतं. लष्करी बंदुकीची पट्टी साधारण साडेसहा-सात इंच लांब असते.

मराठवाड्यात ही कळ कोणत्या वाटांनी आली असेल ते माहीत असलं की ओळख सोपी जाते. १७५१ नंतर ब्युसीच्या फ्रेंच फौजा हैदराबादेत होत्या आणि त्यांच्या तालमीत इब्राहिमखान गारदी तयार झाला. तोच पुढे मराठ्यांकडे आला आणि १७६० साली उदगीरच्या लढाईत निजामाच्या विरुद्ध उभा राहिला. १७९५ साली खर्ड्याला निजामाच्या बाजूने रेमंडच्या पलटणी लढल्या. रेमंड हा फ्रेंच सरदार, त्याने हैदराबादेत तोफा-बंदुका घडवायचा कारखाना चालवला. त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात. १७९८ साली रेमंड वारला, त्याच वर्षी निजामाने इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरात इंग्रजांनी फ्रेंच तालमीची ती फौज मोडली. पुढच्याच वर्षी टिपूचं श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा निजाम इंग्रजांचा भागीदार होता. म्हणजे फ्रेंच, हैदराबादी, म्हैसुरी आणि ईस्ट इंडिया कंपनीची, अशा चारही घडणींची कळ औशाच्या वाड्यात निघू शकते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे ओळख पटवताना सतत डोक्यात ठेवा. पुण्या-साताऱ्याकडचे ठोकताळे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आता घोड्याची मान बघा. मान हंसासारखी पातळ वळलेली आहे, की मध्ये भोक ठेवून कडीसारखी जाड केली आहे? फ्रेंच लष्करी बंदुकीत कडीची मान १७६३ च्या नमुन्यापासून आहे. इंग्रजांच्या ‘इंडिया पॅटर्न’ बंदुकीत ती १८०९ मध्ये आली, त्याआधी हंसमान. (ही बंदूक मुळात कंपनीची, ३९ इंची नळीची. फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा खुद्द इंग्लंडच्या सैन्याने ती उचलली.) त्यामुळे कडीची मान दिसली आणि कान पितळेचा, किंचित वर कललेला असला, तर १७७७ च्या फ्रेंच नमुन्याकडे पाहा. कडीची मान आणि लोखंडी कान असेल तर १८०९ नंतरची इंग्रजी कळ ही शक्यता आधी तपासा.

मग पट्टीची खालची कड. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्रजी पट्टीची कड केळासारखी खाली झुकलेली असते, नंतर ती सरळ होत जाते. कानापासून पुढे निघून पात्याच्या स्क्रूला बाहेरून आधार देणारा छोटा हात आहे का तेही पाहा. जुन्या आणि स्वस्त कळींत तो नसतो.

जबड्यात गार अडकलेली असेल तर ती काढू नका, रंग टिपा. इंग्लंडातल्या ब्रँडन गावची गार काळी असते, फ्रेंच गार मधासारखी पिवळट. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी गार पांढरट किंवा राखी. मात्र गार सारखी बदलावी लागते, म्हणून ती बंदुकीचा जन्म सांगत नाही, शेवटचा वापर सांगते.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. पट्टी उलटी करा.

बाहेरची बाजू मालकासाठी असते, आतली कारागिराची. बाहेर कोणीही काहीही कोरू शकतो. इंग्रजी बंदुकीला मान होता, म्हणून देशी कारागीर विलायती शिक्के हुबेहूब उठवायचे, आणि इंग्रजी न येणाऱ्या हाताने उठवलेलं अक्षर कुठेतरी उलटं पडायचं किंवा गळायचं. मुकुटाच्या जागी झाडासारखा आकार व्हायचा. असं चुकलेलं अक्षर दिसलं तर वस्तू खोटी म्हणून टाकून देऊ नका. ते देशी कारागिराचं काम असू शकतं, आणि माझ्या मते विलायतेत हजारांनी निघालेल्या पट्टीपेक्षा त्याचं मोल आपल्याला जास्त असलं पाहिजे.

आत काय बघायचं? घोड्याच्या दांड्यावर आतून खाचांची एक चाकी बसवलेली असते. एका खाचेत घोडा अर्धा चढतो, दुसरीत पूर्ण. चांगल्या लष्करी कळीत या चाकीवर एक छोटी पट्टी पुलासारखी आडवी बसवलेली असते, त्यामुळे चाकी दोन्ही बाजूंनी धरली जाते आणि डुगडुगत नाही. साध्या, स्वस्त कामात हा पूल गाळलेला असतो. विलायती कारखान्यात एक माणूस पूर्ण कळ घडवत नसे. म्हणून कुठला भाग कुठल्या पट्टीचा हे कळावं यासाठी भागांवर कानशीने एक, दोन, तीन रेघा मारलेल्या असतात आणि पट्टीच्या आत कळ घडवणाऱ्याची आद्याक्षरं ठोकलेली असतात. अशा रेघा आणि आद्याक्षरं मिळाली तर ही कामाची वाटणी असलेल्या कारखान्यातली कळ. ती नसतील, कानशीचे ओरखडे एकाच हाताचे वाटत असतील, पट्टीची जाडी इकडे-तिकडे होत असेल, तर एका लोहाराचं काम.

स्क्रूचे आटे हा चांगला साक्षीदार आहे. जुने आटे हाताने कापलेले, थोडे वाकडे, आणि प्रत्येक स्क्रू फक्त आपल्याच भोकात बसणारा. व्हिटवर्थने आट्यांचं एकसारखं माप १८४१ मध्ये मांडलं. यंत्रावर कापल्यासारखे काटेकोर आटे दिसले तर तो स्क्रू तरी नंतरचा. डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो विसाव्या शतकातला. कमानही पाहा. जुनी कमान घडी घातलेल्या पट्टीची असते. तारेची गुंडाळलेली स्प्रिंग असेल, पट्टीच्या कडेने साच्याची रेघ फिरलेली असेल, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे असतील आणि गंज सगळीकडे सारखाच चढलेला असेल, तर ती बाजारात शोभेसाठी ओतलेली नक्कल.

टोपीची कळ लवकर आटोपते. फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने स्फोटक मसाल्याचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं, तांब्याची टोपी १८२० च्या आसपास रूढ झाली, इंग्रज सैन्याने १८३९ पासून ती स्वीकारली. कळीवर कान नाही, पातं नाही, घोड्याचं तोंड पोकळ हातोडीसारखं. एकच गोष्ट शोधा: पट्टीच्या पुढच्या भागात बुजवलेली भोकं आणि कानाच्या जागी भरलेली खाच. ती असतील तर ही आधी गारेची होती आणि नंतर टोपीची केली. अशा पट्टीला दोन वयं असतात आणि दोन्ही लिहायची.

शिक्क्यांचं आता थोडक्यात सांगतो. घोड्यामागे किंवा पट्टीच्या मध्यावर चार भागांत विभागलेलं हृदय आणि वर चारच्या आकड्यासारखी खूण दिसली तर ती ईस्ट इंडिया कंपनी. हृदयातलं पहिलं अक्षर ‘व्ही’ दिसतं, ते जुन्या पद्धतीचं ‘यू’ आहे, ‘युनायटेड’चं. १८०८ च्या सुमारास हृदय गेलं आणि मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह आला. टोपीच्या कंपनी-कळींवर हाच सिंह आणि शेजारी साल असतं. मुकुटाखाली ‘जीआर’ आणि पट्टीच्या शेपटीकडे ‘टॉवर’ हे शब्द इंग्लंडच्या सरकारी शस्त्रांचे. १७६४ च्या आधी त्या जागी कारागिराचं नाव आणि साल कोरत, नंतर ते बंद झालं. मुकुटाखाली ‘व्हीआर’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ च्या पुढचं. वाघाचं तोंड किंवा वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी नक्षी असेल तर टिपूचं म्हैसूर.

साल वाचताना आपली माणसं हमखास दोन जागी फसतात. पहिली जागा आकड्यांची. फारसी-उर्दू आकड्यांत पाच हा गोलासारखा असतो आणि शून्य नुसता ठिपका. आपण गोलाला शून्य समजतो आणि साल चुकतं. सात म्हणजे वर उघडा फाटा, आठ म्हणजे तोच उलटा. लिपी उजवीकडून चालली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे, अपवाद टिपूने सुरू केलेल्या मौलूदी सालाचा, ते उजवीकडून वाचतात. दुसरी जागा सनाची. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: १२१२ हिजरी म्हणजे साधारण १७९७. निजामाच्या राज्यात फसली सनही चालायचा, त्यात सुमारे ५९० मिळवा. शके असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. हिजरीचं गणित फसलीला लावलं तर पाच-सहा वर्षांची चूक सहज होते: १२१२ फसली म्हणजे १८०२, १७९७ नव्हे; १२६७ हिजरी म्हणजे १८५१ आणि १२६७ फसली म्हणजे १८५७. शंका असेल तर दोन्ही साल लिहून ठेवा आणि कळीच्या घडणीशी ताडून बघा. वाचनासाठी लांब जायला नको. गावातल्या उर्दू शाळेच्या गुरुजींना किंवा निजामी शाळेत शिकलेल्या एखाद्या आजोबांना फोटो दाखवा.

या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर गोंधळू नका. जुनी कळ नव्या दस्त्यावर बसवणं सर्रास चालायचं. अशा वेळी नियम एकच: सर्वांत जुनी खूण बंदुकीचं वय ठरवत नाही, सर्वांत नवी ठरवते. नळी १७०० ची असली आणि कळ १८४५ ची असली, तर ती बंदूक या रूपात १८४५ नंतर उभी राहिली.

खुणा दिसण्यासाठी मात्र वस्तू जशी आहे तशी राहायला हवी, आणि इथे आपल्या श्रद्धेबद्दल नाजूक बोलावं लागतं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते म्हणूनच ही लोखंडं इतकी वर्षं घरात टिकली, हे मी मनापासून मानतो. पण दरवर्षीचं ओलं हळदी-कुंकू पट्टीवर साचून त्याखाली गंज धरतो आणि शिक्का खातो. पूजा करा, वाहा, पण दुसऱ्या दिवशी मऊ कापडाने कोरडं पुसून घ्या आणि यंत्राच्या पातळ तेलाचा हलका हात फिरवा. विटेची भुकटी, चिंच, लिंबू, पॉलिशपेपर, लाल रंग यांतलं काही लावू नका. एका दुपारच्या घासण्याने दोनशे वर्षांचं साल पुसलं जातं. गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवू नका, तो मोडतोच.

शिक्का दिसत नसेल तर वस्तू सकाळच्या तिरप्या उन्हात धरा, उजेड बाजूने पडू द्या आणि हळूहळू फिरवा. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासली की अक्षर उठतं. फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि बाहेरची, आतली, वरची, खालची अशा चारही बाजू घ्या.

ताडून पाहायला औशापासून सोयीचं ठिकाण हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचं केळकर संग्रहालय इथेही जुनी शस्त्रं बघायला मिळतात. काचेपाशी उभं राहून घोड्याची मान आणि कान एवढंच बघत फिरा, दोन तासांत डोळा तयार होतो. मत विचारायचं असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे लेखी विचारा, फोटो जोडा. जवळचं सरकारी संग्रहालय तेरला आहे. तिथला संग्रह सातवाहनांच्या काळाचा म्हणून नावाजलेला, पण तिथली माणसं तुमचा कागद योग्य जागी पोहोचवू शकतात.

आणि कळ कुठली आणि केव्हाची हे कळो न कळो, ती कुठे सापडली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. गाव, गल्ली, घर, घराचा कुठला भाग, किती खोल, सोबत काय निघालं, कोणी काढलं, तारीख. लंडनच्या बाजारातल्या कंपनीच्या कळीला तिचा मागचा प्रवास माहीत नसतो. औशाच्या बळदातून निघालेल्या कळीला तो असतो, आणि तो फक्त घर उतरवतानाच्या त्या एका दिवशी नोंदवता येतो. भंगाराच्या काट्यावर ठेवण्याआधी चार फोटो काढा आणि या नोंदीची चिठ्ठी दोऱ्याने तिला बांधा.